त्या गाण्यातला गळा

११ नोव्हेंबर २०१८, रविवार

बोलली! टीव्हीवर, भर दुपारी, अख्ख्या इटलीसमोर ती नादिन बोलली — "ते गाणं गायले तेव्हा मी जेमतेम बावीसची होते." गायलीस? तू? बाई, तू नुसते ओठ हलवलेस! सोनेरी विग घालून कमरेला झटके दिलेस. अठ्ठावीस वर्षं रेकॉर्डच्या कव्हरवर तुझं थोबाड आणि आत माझा गळा. आयत्या बिळावर नागोबा!

टीव्ही बंद केला. मग पुन्हा लावला. ती रडत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते.

१३ नोव्हेंबर

बेकरीवाली म्हणते, "मिर्ना, रविवारी तुझं गाणं लागलं होतं की!" मग पाव कागदात गुंडाळता गुंडाळता — "का तिचं?" आणि हसली. मी सुटे पैसे न घेताच बाहेर पडले.

१८ नोव्हेंबर, रविवार

नाचाच्या हॉलवर दुपारभर वॉल्ट्झ आणि मझुर्का गायले. समोर तेच म्हातारे, तेच गुडघे. शेवटी नेहमीप्रमाणे 'माझं' गाणं. वरचा सूर फुटला. हल्ली फुटतोच. खरं सांगायचं तर आधीही कधी सहज लागला नाही, पण या म्हाताऱ्यांना कुठे ऐकू येतंय!

लेआर्को आजोबा खुर्चीतून ओरडले, "पोरी, रेकॉर्डवर तूच ना?"

"मीच!"

"मग टीव्हीवरची ती कोण?"

सगळे हसले. बाजावाला पण हसला. चोपन्न वर्षांची बाई मी, गाडीत बसून रडले.

२२ नोव्हेंबर

फोर्लीला वकीलबाई गार्दीनींकडे जाऊन आले. सांगून टाकलं — पैसे नकोत मला, एक दमडी नको. रेकॉर्डवर छापा : गायिका, मिर्ना झोफोली. बास.

त्या म्हणाल्या, पहिल्यापासून सांगा. सांगितलं. नव्वद सालचा फेब्रुवारी. इवानोचा स्टुडिओ म्हणजे ट्रॅक्टरच्या शेडवरचा माळा, भिंतींना घोंगड्या ठोकलेल्या, खालून डुकरांचा वास. आदल्या रात्री मी लग्नात गाऊन आलेली, घसा पार बसलेला. इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, कागदावर जसं लिहिलंय तसं म्हणायचं. अकरा वेळा म्हटलं. मग खाली जाऊन इवानोच्या बायकोकडे, सिल्वानाकडे, गरम दूध-मध प्यायले आणि तिच्याच सोफ्यावर डोळा लागला. वर आले तर इवानो म्हणतो, "झालं! मला पाहिजे ते मिळालं." पुढे त्यानं टेप जरा वेगानं फिरवून आवाज पातळ केला, तेव्हा सगळे तसंच करायचे. म्हणून तर डिस्कोत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू आला नव्हता!

"त्या दिवशी माळ्यावर आणखी कोण होतं?"

इवानो. तो चार वर्षांपूर्वी गेला. आणि माझा कोट नि पर्स सांभाळत बसलेली कातिया, माझी धाकटी बहीण.

"मग साक्षीदार मिळाला की!" वकीलबाई म्हणाल्या. मलाही हायसं वाटलं.

२५ नोव्हेंबर

कातिया नाही म्हणाली!

कॅनॉलवरच्या तिच्या पियादीनाच्या टपरीवर गेले. ती तव्यावर रोटी उलटत होती, हात कोपरापर्यंत पिठात. म्हटलं, एवढंच सांगायचंय, ते गाणं मिर्ना गायली. एक वाक्य.

"मला नको गं कोर्टात ओढूस."

"का?"

"सोड ना ते, मिर्ना. दर रविवारी म्हणतेस, लोक टाळ्या देतात. पुरे की."

पुरे? टाळकंच सटकलं माझं. म्हटलं, जळतेस तू! लहानपणापासून जळतेस. आईनं मला गाणं शिकायला घातलं नि तुला नाही, त्यात माझा काय गुन्हा? तिची गिऱ्हाईकं बघत राहिली. ती मान खाली घालून रोटी कागदात गुंडाळू लागली.

निघाले तर मागून म्हणते, "एक घेऊन जा. गरम आहे."

मागे वळून पाहिलं नाही.

९ डिसेंबर

धुकं. कातियाचे दोन फोन. उचलले नाहीत.

२५ डिसेंबर

नाताळ, आणि मी एकटी. दारात आईचं पातेलं, फडक्यात बांधलेलं. आत कापेलेत्ती, सारण भरलेल्या कणकेच्या पुड्या, रश्शात. आईसारख्याच बारीक वळलेल्या. खिडकीतून कातियाची पाठ दिसली, पुलाकडे जाताना. हाक मारली नाही.

मोरीत ओतून दिलं सगळं. आईनं पाहिलं असतं तर कानाखाली काढली असती. तळाला चार राहिल्या होत्या, त्या उभ्या उभ्या खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या मेलीच्या! मग जेवणाची वासनाच गेली.

पातेलं तसंच पडलंय.

१० जानेवारी २०१९

सिल्वानाला टेप सापडली! खोक्यावर इवानोचं अक्षर, तारीख, गाण्याचं नाव. तो काही फेकायचा नाही हे मला माहीतच होतं. वकीलबाई फोनवर ओरडल्याच. बोलोन्याचा एक तंत्रज्ञ म्हणतो, इतकी जुनी टेप चिकट होते, आधी मंद आचेवर आठ तास भाजावी लागते. बिस्किटासारखी! मग त्यातला नुसता गळा ऐकता येईल, बाजूला काढून, मूळ वेगानं.

आता कातियाची गरज नाही. राहू दे तिला तिच्या तव्यापाशी.

२० जानेवारी

आज हॉलवर सांगून टाकलं, थोडे दिवस थांबा, सगळं सिद्ध होणार आहे. लेआर्को आजोबांनी टोपी काढली. झोप नीट लागत नाहीये.

२३ जानेवारी

ऐकलं. आज लिहवत नाही.

२४ जानेवारी

आधी माझे अकरा प्रयत्न. घोगरे, फाटके, वरच्या सुराला दर वेळी तोंडघशी. मग माळ्याचं दार लागल्याचा आवाज. मी दूध प्यायला गेले. मग इवानो : "कातिया, ती येईपर्यंत तू म्हण एकदा. आवाज किती ठेवायचा ते बघू दे मला." ती हसते. "मला नाही येत हं!" आणि मग गाणं, अख्खं, एका दमात. तोच वरचा सूर. मग पुन्हा ती : "पुसून टाका हं ते. मिर्नाला कळलं तर रुसेल."

तंत्रज्ञ माझ्याकडे बघेना. वकीलबाई कागद आवरत म्हणाल्या, "नादिन नाही, एवढं तरी सिद्ध झालं."

आयत्या बिळावर नागोबा मीच.

सकाळी पातेलं घासलं नि टपरीवर नेऊन दिलं. कातियानं पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"रुसलीस?"

म्हटलं, रविवारी हॉलवर ये. सगळ्यांना सांगणार आहे. तो वरचा सूर तू लाव.

तिनं एप्रनला हात पुसले. पुसतच राहिली.

"मला नाही येत," म्हणाली.