स्कूटरवरची तार

१३ जानेवारी, संध्याकाळ

लिहिता लिहिता हात सारखा गळ्याकडे जातोय.

आज सदरमधल्या आमच्या ऑफिसात आमच्या नव्या उडत्या गाडीच्या सुरक्षेवर तासभर बोलले. एक पंखा बंद पडला तर बाकीचे सांभाळतील. अगदीच बिघडलं तर पॅराशूट उघडेल. रोज धरमपेठहून सदरला उडत या, आतल्या माणसाला काही होणार नाही, असं ठासून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही खूश.

परतताना स्कूटरला एकदम हिसका बसला. हँडलवर मांजा अडवायला कमानीसारखी वाकवलेली तार आहे, तिच्यात हिरवा नायलॉनचा मांजा अडकला होता. बरोब्बर गळ्यासमोर. मला दिसलाच नव्हता. उडत्या गाडीच्या कॅमेऱ्याला तरी दिसला असता का? आणि पंख्यात गुंतला असता तर? संक्रांतीत अख्खं नागपूर गच्चीवर असतं, हे मला ठाऊक नाही? मग तासाभराच्या बोलण्यात मांजाचं नावसुद्धा कसं आलं नाही?

ती तार गेल्या आठवड्यात नितीननेच बसवून दिली. नवऱ्याच्या काळजीने वाचले, हे सांगायला तशीच धावत गच्चीवर गेले. तो पतंग उडवत होता. शेजारी चक्री. चक्रीवर हिरवा दोरा.

"नायलॉन?" मी चक्रीकडे बोट दाखवलं.

"साध्या मांजानं कोणाची पतंग कटते वं?" त्याची नजर वरच. "अन् तू काहून घाबरून राहिली? तुझ्या गाडीले तार लावून दिली ना मी!"