हवा पाऊण तास पुरेल

नंदनवन, नागपूर
बुधवार, ५ सप्टेंबर १९८४

प्रिय गोपिका,

तुझ्या भावाने आतून काचेवर पहिली थाप मारली, त्या क्षणी माझं सगळं बदललं. तान्ह्या पोळ्याचा दिवस, दुपारचे साडेतीन, मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे, ते टिंगलीचे पुतळे, जाळायला नेतात ती मोकळी जागा. तू तिथे नव्हतीस. तू इंदुमावशीच्या गॅलरीतून मिरवणूक पाहून, पोटभर हसून, घरी गेली होतीस. म्हणजे तुला जे माहीत आहे ते लोकांनी सांगितलेलं आहे. आणि लोक जे सांगून राहिले ते ऐकून ऐकून नऊ दिवस झाले, माझे कान किटले आहेत.

आपल्या चौकातला पानठेलेवाला मला पाहून उठून उभा राहतो. हाच महिन्यापूर्वी म्हणायचा, "या रॉकेटसिंग, चंद्रावर चुना मिळते का गा?" गणपतीच्या मंडळाने माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, आणि अध्यक्षांचं भाषण. त्यात माझ्या यानाला ते तीनदा 'धान्याची कोठी' म्हणाले. मी शाल परत फेकली तर लोक म्हणाले, पोरगा किती विनम्र आहे! या गावात माणसाला रागही धड करू देत नाहीत.

कोठी नव्हती ती, गोपिका. तुला तरी माहीत आहे. फेब्रुवारीत तो अमेरिकन दोरीशिवाय अंतराळात तरंगला, त्याचा फोटो लायब्ररीत आपण एकत्रच पाहिला. सगळे त्याच्या मागची निळी पृथ्वी पाहत होते, मी त्याचे हातमोजे पाहत होतो. त्या पोशाखात हवा भरली की मोजे फुगून टणक होतात, साधा नट फिरवायला बोटांचं पीठ होतं. पोशाखात हवेचा दाब कमी ठेवावा लागतो, म्हणून बाहेर पडायच्या आधी तासन्‌तास नुसता ऑक्सिजन ओढत बसायचं, नाहीतर रक्तात बुडबुडे धरतात. हे सगळं कशासाठी? माणसाने अंगात कपडा घालूनच बाहेर गेलं पाहिजे म्हणून! मी तुला तिथेच म्हटलं, कपडा नको, खोली हवी. एका माणसाची छोटीशी खोली, मोठ्या यानाच्या दाराला चिकटलेली. आतली हवा घरच्यासारखीच, अंगात साधा शर्ट, सरकून आत बसायचं, दार लावायचं, निघायचं. बाहेर दोन लोखंडी हात, ते आतून चालवायचे. नाक खाजलं तर खाजवता येईल. तू हसलीस आणि म्हणालीस, "नाकासाठी एवढं करून राहिला का गा?" ते हसणं मला आवडलं होतं.

पुढचं कॉलेजात घडलं. तोंडी परीक्षेला मी तीच ड्रॉइंग नेली. तीन महिन्यांची मेहनत, प्रत्येक जोड दाखवलेला. सरांनी कागद उभा धरला, आडवा धरला आणि म्हणाले, "हे यान नाही, फ्रीज आहे. आत भाजी ठेव." बाहेरून आलेले परीक्षक इतके हसले की त्यांच्या चहाचे शिंतोडे ड्रॉइंगवर उडाले. मी जर्नल तिथेच टेबलावर आपटलं, फाटक ओलांडलं, आणि परत गेलो नाही. तिसरं वर्ष, दोन महिने उरले होते. आई रडली. बाबा, म्हणजे आमचे वामनराव, आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी एवढंच म्हणाले, "तुले शिकवण्यापेक्षा म्हैस घेतली असती."

तेव्हा माझ्या बाजूला एकच माणूस उभा राहिला, तो तुझा भाऊ रवींद्र. हेही लिहिलं पाहिजे. तुझ्या बाबांच्या, मनोहररावांच्या, हिंगण्याच्या कारखान्यात लोखंडी कपाटं होतात, त्यातले वाकलेले, डागाळलेले पत्रे तो राजदूत फटफटीवर आडवे बांधून आणायचा. आमच्या मागच्या शेडमध्ये आम्ही दोघांनी ते ठोकले. मोडीतल्या एस.टी.ची काच बसवली. दाराच्या कडेने सायकलच्या ट्यूबचं रबर असं घट्ट बसवलं की आत उदबत्ती लावली तर धुराचा धागा बाहेर येईना. आतल्या हवेत एक माणूस किती वेळ तग धरेल ते मी घनफुटांत काढलं. धरून चालू, निदान पाऊण तास. त्या आकड्याचा मला केवढा गर्व! रवींद्रने खडूने तो दारावर आतल्या बाजूने लिहिला.

तू एकदाच पाहायला आलीस. फिरून फिरून दार पाहिलंस आणि विचारलंस, "बाहेरून कडीच नाही, तं आतला माणूस बेशुद्ध पडला तं कोण उघडन?" मी फाडकन म्हणालो, बाहेर कोण असणार आहे? बाहेर शून्य आहे! रवींद्र हसला. चार रात्री तुझा प्रश्न डोक्यात कुसळासारखा टोचला. मग मी एकट्याने डाव्या लोखंडी हाताचा खोबणीतला जोड बदलला. उलटा पाऊण फेरा दिला की हात निघून येतो आणि त्या भोकातून आत हात घालून दाराची खिटी उचलता येते. हे मी कुणालाच सांगितलं नाही. तुला नाही, रवींद्रला नाही. सांगितलं असतं तर तू बरोबर होतीस हे कबूल करावं लागलं असतं. मी असा माणूस आहे.

आणि मग पत्रं. मी तुला लिहिली ती सगळी. मला वाटत होतं ती तुझ्या ट्रंकेत आहेत.

आता तान्हा पोळा. लोकांना वर्षभर ज्याचा वीट येतो त्याचा बडग्या होतो. महागाईचा होतो, डासांचा होतो, लाच खाणाऱ्यांचा होतो. ईडा पीडा घेऊन जा म्हणत गावभर मिरवतात आणि जाळून मोकळे होतात. यंदा माझा झाला. सकाळी मी शेडमध्ये गेलो तर शेड रिकामी. कुलूप फोडलेलं नव्हतं, बाबांनी स्वतः किल्ली दिली होती. मी विचारलं तर दाढी करता करता आरशातच म्हणाले, "रविंदर मांगून राहिला होता. म्हटलं ने गा बाबा, घरातली बला जाऊ दे."

मी धावत इतवारीत गेलो. लांबूनच दिसलं. हातगाड्यावर माझं यान, बुडाला उसाच्या पाचटाचा आणि गवताचा भारा बांधलेला, तो म्हणे रॉकेटचा जाळ. वर पाटी: 'कॉलेज सोडून डब्यात बसणाऱ्या येड्यायले घेऊन जा गे मारबत!' काचेमागे रवींद्र, माझ्यासारखा चष्मा लावून, अंगात चिंध्या भरलेला पोशाख. माइकची तार आत नेलेली, भोंगा गाड्यावर. ढोल थांबला की तो भोंग्यातून बोलायचा, वाजायला लागला की दार किलकिलं करून हवा घ्यायचा. आणि तो काय बोलला ते ऐक. "त्यात बसलो की जगाचा आवाज येणार नाही. तुझा तेवढा यावा." तुझं नाव त्याने गाळलं, तेवढी लाज ठेवली. पण हे वाक्य मी तुला लिहिलं होतं, पत्रात, फक्त तुला. हजार माणसं फिदीफिदी हसली. मी वर पाहिलं. इंदुमावशीच्या गॅलरीत, बायांच्या घोळक्यात, तू पदर तोंडाला लावून हसत होतीस.

मी घरी जायला हवं होतं. नाही गेलो. गाड्याच्या मागे मागे चालत राहिलो, जसा माणूस स्वतःच्या प्रेतयात्रेत चालेल. वाटेत एका खड्ड्यात गाडा जोरात आदळला. आतली खिटी तेव्हाच वाकली असणार. मैदानात पोचल्यावर रवींद्र उतरणार आणि मग ते यान पेटवणार असं ठरलं होतं. पण कुणीतरी फटाक्यांची लड लावली, आणि ठिणगी गवतात गेली.

भोंग्यातून पहिल्यांदा हाक आली, "अरे उघडा बे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. "वा रे पठ्ठ्या, काय ॲक्टिंग करून राहिला!" दुसरी हाक अर्धीच आली, माइकची तार जळली. मग आवाज नाही. माझं रबर उत्तम होतं. काचेवर नुसते पंजे आपटताना दिसत होते, आणि एक म्हातारा खांद्यावर नातू घेऊन त्याला दाखवत होता, पाहा पाहा, माकड पाहा.

पुढचं तुला ठाऊक आहे. मी गर्दी फाडून गेलो, पेटतं गवत पायाने उडवलं, डावा लोखंडी हात उलटा फिरवून उपटला, आत हात घातला, त्याच लोखंडाने वाकलेली खिटी रेटून उचलली, रवींद्रला ओढून काढलं. माझी मनगटाची कातडी गेली. त्याच्या दोन्ही पंजांची गेली. डॉक्टर म्हणतात बोटं पूर्ण मिटतील की नाही ते दिवाळीनंतर कळेल. लोक म्हणतात मी वाऱ्यासारखा धावलो.

दवाखान्यात मनोहरराव माझ्या पाया पडायला निघाले होते. साठीचा माणूस! वर्षभर ज्यांनी मला फाटकाच्या आत घेतलं नाही, तेच म्हणाले, "शालिकराव, पोरगा तुमच्यामुळं दिसला. आता पोरगीही तुमचीच." मी शालिकचा शालिकराव झालो. कारखान्यात कपाटांच्या खात्यावर सुपरवायझरची जागा, शुक्रवारी साखरपुडा, पितृपक्ष लागायच्या आत सगळं उरकायचं. बाबा सांगत फिरतात, "मी म्हणतच होतो, पोरगं हिऱ्यासारखं आहे." 

काल तुझी चिठ्ठी आली. पत्रं रवींद्रने तुझ्या ट्रंकेतून काढली, वाचून भडकला, तुला पत्ता नव्हता, बायांच्या गलक्यात भोंग्यातलं काही ऐकू आलं नाही, यान वळेपर्यंत ते माझं आहे हेही कळलं नाही, नुसतं चष्म्याला हसले, असं तू लिहितेस. मला ते खरं वाटतं. आणि शेवटी लिहितेस, ज्यानं माझ्या भावाले परत आणलं त्याच्या शब्दाबाहेर मी जन्मात जाणार नाही. गोपिका, दोन वर्षं मी या एका ओळीसाठी तळमळत होतो. काल ती हातात धरून मला स्वतःची इतकी किळस आली की कागद दूर ठेवावा लागला.

म्हणून हे लिहितो. मी गाड्यापासून वीस पावलांवर होतो. पहिली थाप पडली तेव्हाच मला कळलं की ही ॲक्टिंग नाही, खिटी अडकली आहे. त्या मैदानात हे कळणारा मी एकटा होतो आणि उघडता येणाराही मी एकटा. मी हललो नाही. भीतीने नाही. गर्दीमुळेही नाही. मी मनात म्हणालो, हवा पाऊण तास पुरेल. ओरडू दे जरा, बसू दे डब्यात. गंमत पुढे ऐक, मला माझा आकडाही खरा निघायला हवा होता. मी थापा मोजल्या. एकोणीस. पत्रा किती तापेल हे मी कधी काढलंच नव्हतं, अंतराळात गवत पेटत नाही. एकोणिसाव्या थापेला त्याचा पंजा काचेवरून उचललाच गेला नाही, तेव्हा मी धावलो. पहिल्या थापेला धावलो असतो तर त्याची बोटं शाबूत राहिली असती.

बाहेरच्या खोलीत आत्ता तुझे बाबा आणि माझे बाबा पंचांग उघडून बसले आहेत. रवींद्रही आला आहे. दोन्ही हात पांढऱ्या गाठोड्यांसारखे मांडीवर ठेवलेत, आणि माझी आई त्याला बशीने चहा पाजते आहे. आल्या आल्या त्याने गाठोडं माझ्या खांद्यावर ठेवलं आणि म्हणाला, "भाऊ, तू नसता तं मी गेलोच होतो." मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही. ही चौघं असतानाच मी बाहेर जाणार आहे. हे पत्र घडी न घालता मनोहररावांच्या हातात देईन. आधी तुम्ही वाचा म्हणेन, मग रवींद्रला वाचून दाखवा, मग गोपिकेला द्या. ते चष्मा काढतील, बाबा काय गा म्हणून ओरडतील, आई बशी धरून तशीच बसेल. मी थांबणार नाही. पायात चपला सरकवीन, उंबरा ओलांडीन, आणि दार बाहेरून ओढून घेईन.

तुझा म्हणवून घ्यायचा हक्क गमावलेला,
शालिक