विटाळलेली काठी

शिरपूर जैन

प्रिय वैभवी,

परीक्षकानं स्पर्धकाला पत्र लिहू नये, हे मला ठाऊक आहे. पण निकालाच्या कागदावर सही करून तो मी आताच पाठवून दिला, तेव्हा आता मी तुझी परीक्षक नाही. आठवीत तुझे निबंध तपासणारी बाई तेवढी उरले. तेव्हाही तू पहिल्याच ओळीत कुणाचा तरी मुडदा पाडायचीस आणि मी लाल शाईनं विचारायची, बाई गं, एवढी घाई कशाला? सवय गेली नाही तुझी. चित्रपट सुरू होतो तोच मारापासून.

आणि मार तू जबरदस्त दाखवलास. गोठ्यात मेलेला बैल, फुगलेलं पोट, माशा. तो ओढून न्यायला नकार देणारा मिसरूड फुटलेला पोरगा, आणि मुकादमाची काठी. पहिला वार कानावर. पोरगा वळतो तो दुसरा दातांवर. हाड मोडल्याचा तो आवाज कुठून आणलास गं? माझ्या शेजारचे दोन्ही परीक्षक खुर्चीत मागे सरकले. मग तुझे आजोबा दौलतराव धावत येतात, काठी हिसकावतात, रक्तानं माखलेल्या पोराला उचलून छातीशी धरतात आणि मेलेल्या बैलाला स्वतः खांदा लावून किन्हीराजा गावातली गुलामी संपवतात. दोघांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेरा, आवाज, अभिनय यांना मीही भरभरून गुण दिले. कथेला शून्य दिलं. त्यानं तुझं काही बिघडत नाही, ते दोघं तुझ्या बाजूनं आहेत. पहिलं बक्षीस तुझंच.

तू माझ्या बाबांना बक्षीस समारंभाला बोलावलंस, तुझ्या आजोबांच्या फोटोला हार घालायला. म्हणून म्हटलं, आधी त्यांना चित्रपट बघू द्यावा. भिवाजी, तुझ्या चित्रपटातला तोच पोरगा, पलंगावर उशीला टेकून स्वतःचा मार बघत होता. डावा कान त्या दिवसापासून बहिरा, म्हणून मी आवाज मोठा ठेवला होता. काठ्या पडत होत्या तोवर ते मान डोलावत होते. आजोबांनी पोराला छातीशी धरलं तेव्हा मात्र भडकले. म्हणाले, “मारलं थे दाखोलं, बरं केलं. पन मले हात लावला असं काहून दाखोलं? हात लावाची तयारी असती त मारलं कायले असतं?”

मुकादम नव्हताच, वैभवी. धम्म घेतल्यावर आमच्या वस्तीनं मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं. बाबा तेच सांगायला गेले, आणि तुझ्या आजोबांनी बैल हाकायची बोरीची काठी घेतली. चार हात लांब राहून मारलं, कारण शिवायचं नव्हतं. बाबा गोठ्याच्या दारात आडवे पडले. वाट अडली, तर ओंडका लोटावा तसं त्याच काठीनं ढोसत ढोसत त्यांना अंगणाबाहेर लोटलं. बरगड्या मोडल्या त्या मारात नाही, या लोटण्यात. मग अंगणात गोमूत्र शिंपडलं आणि काठी विटाळली म्हणून उकिरड्यावर फेकली. माझी आजी पंचफुला त्याच संध्याकाळी जाऊन ती उचलून घेऊन आली. “रगत माह्या लेकाचं हाये, थे उकिरड्यावर काहून राहीन?” असं म्हणाली म्हणे.

त्यानंतर वस्तीतलं एकही माणूस तुमच्या गोठ्याकडे फिरकलं नाही. बैल सडला. पोटात पाणी भरलं, आतडी बाहेर आली, घरात घास गिळवेना. शेवटी तुझ्या आजोबांनाच तोंडाला धोतर बांधून, आमच्या आयाबहिणींचा उद्धार करत तो ओढावा लागला. तुमच्या घरात त्या ओढण्याची मोठी गोष्ट झाली, आणि तू ती मांडीवर बसून ऐकलीस. खोटी नाही ती. बैल त्यांनीच ओढला. फक्त गुलामी कुणी मोडली, ते नेमकं उलटं सांगितलं गेलं.

मला तुझा राग आला. लॅपटॉप भिंतीवर आपटावा इतका आला. आणि लगेच तू डोळ्यांपुढे आलीस, शाळा सुटल्यावर आमच्या ओसरीवर बाबांच्या ताटातली भाकर मोडून खाणारी. तेव्हा वाटलं, हिला कुणी सांगितलंच नाही, आणि त्यात आम्हीही आलोच.

आता पत्र का लिहिलं ते. रविवारी बाबा येणार आहेत. मी नको म्हटलं, पण ऐकत नाहीत. हार घालणार नाहीत. इतकी वर्षं आमच्या दाराला आतून अडसर म्हणून लावलेली ती काठी त्यांनी आज सकाळी काढली आणि पुसून खाटेशी ठेवली. ती घेऊन मंचावर चढणार आहेत. घाबरू नकोस, मारायला नाही, त्यांचे हात आता चहाच्या कपानंही थरथरतात. तुमच्या घरची वस्तू म्हणून ते ती तुझ्या हातात देणार आहेत. भाषण नाही, काही नाही. सभागृहाला तो सत्कार वाटेल आणि लोक टाळ्या वाजवतील. त्या वेळी तुला एकटीला तरी ठाऊक असावं की हातात काय आलंय. हात पुढे करायला तू कचरणार नाहीस, एवढी मी तुला ओळखते. घरी नेऊन ती कुठे ठेवशील, ते मात्र मला सांगता येत नाही.

तुझीच,
सपना मॅडम