काचेच्या खोलीतला सामना

तीर्थरूप दादा,

धाकट्याचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? (वहिनींना विचारलं तर “त्यांनाच विचारा” म्हणाल्या. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद.)

तीस वर्षं आपण स्टेडियमच्या उघड्या पायऱ्यांवर शेजारी बसून सामने पाहिले आणि परवा मी तुला सोडून जावयाबरोबर वरच्या काचेच्या खोलीत गेलो, याचा तुला राग आलाय. येणारच. पण तिथे माझे काय हाल झाले ते तरी ऐक. सोफा इतका मऊ, की त्यात रुतलेला माणूस उठेपर्यंत चेंडू सीमारेषेवरून परतसुद्धा यायचा. काच इतकी जाड, की खालच्या चाळीस हजार लोकांचा आवाज आत येईना. त्यासाठी भिंतीत स्पीकर बसवलाय आणि त्याला बटण आहे. एका कारखानदारांना फोनवर बोलायचं होतं, त्यांनी बटण फिरवून अख्खं मैदान गप्प केलं. बाकीची मंडळी मैदानाकडे पाठ करून टीव्हीवर तोच सामना बघत होती. (टीव्हीत जवळून दिसतं म्हणे. मग घर काय वाईट होतं?) आपल्या सलामीवीराने षटकार ठोकला तेव्हा मी सवयीने बोंब मारली, तर वेटर पाणी घेऊन धावत आला आणि डॉक्टरांना बोलावू का, असं विचारू लागला. जावयाने मान खाली घातली. पुढचे तीन षटकार मी मनातल्या मनात ओरडलो. जेवण मात्र, खोटं कशाला बोलू, झकास होतं. दोनदा वाढून घेतलं. पण पंचाच्या नावाने शंख करायला शेजारी तू नाहीस, त्यामुळे करमलं नाही.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा धाकटा

ता. क. : खरं सांगायचं ते राहिलंच. शेवटच्या षटकात तू टीव्हीवर दिसलास. शर्ट काढून गरागरा फिरवत होतास आणि बनियनला पाठीवर हे एवढं भोक. सगळी खोली हसली. माझा हात आपोआप वर गेला, तशी एका बाईंनी विचारलं, “तुमच्या ओळखीचे आहेत का हे?”

मी म्हणालो, “छे, नाही हो.”

जावई ऐकत होता. त्याच्याकडून तुला कळण्याआधी मीच सांगतोय. तेव्हापासून धड झोप नाही, दादा. चुकलो.

ता. क. २ : पुढच्या रविवारचे त्याच खोलीचे दोन पास जावयाकडून मागून घेतलेत. तू ये. त्या बाई असल्या तर ‘हा माझा सख्खा थोरला भाऊ’ अशी ओळख मी स्वतः सगळ्यांदेखत करून देईन. तेवढं बनियन नवीन घालून ये.