अण्णांचे ठसे, वारज्याची पत्रिका

३ नोव्हेंबर, मंगळवार
झालं एकदाचं! माझ्या वडिलांचे, अण्णांचे, पत्रिका छापायचे ठसे आजपासून साइटवर जगाला खुले. संग्रहाच्या समितीसमोर वैशालीने लॅपटॉपवर बटण दाबलं, दोघांनी टाळ्या वाजवल्या, बाकीचे सामोसे संपवण्यात गुंतले होते.
दामले सर (आमचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर, पण निवृत्त झाल्याचं त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही) चष्मा वर करून म्हणाले, "म्हणजे आता ही चित्रं कुणीही घेऊ शकतो?"
कुणीही. घ्या, छापा, बदला, छापून विकलंत तरी चालेल. चित्र कुठलं, एवढं खाली लिहा म्हणजे झालं.
"फुकट?"
फुकट.
"मग आपण इतकी वर्षं कुलपात कशासाठी ठेवले?"
मी म्हटलं, सर, मी तेच विचारतेय. यावर त्यांचा चहा गार झाला.
अट एकच, आणि ती वाईट आहे. महिनाभर प्रयोग. मग समितीत मतदान. नाही म्हणाले तर साइट बंद, ठसे परत कपाटात, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. हो म्हणून आले. दुसरं काय म्हणणार होते?

५ नोव्हें., गुरुवार
झोपेतून उठल्यापासून अण्णाच डोक्यात. ऑफसेट आलं, मग डीटीपी आलं, शनिवार पेठेतली आमची प्रेस बसली. भंगारवाला ठसे वजनावर न्यायला दारात उभा होता. मी बँकेतून हाफ डे टाकून आले आणि सगळे ठसे रिक्षात घालून संग्रहाला देऊन टाकले. तेव्हा वाटलं, वाचवले. अण्णा पुढे दोन-तीनदाच बघायला गेले. म्हणाले, "सुधे, छान ठेवलेत गं. पण छापत नाहीत कुणी." मग गेलेच नाहीत. आता तर तेही नाहीत.
हे म्हणतात, तू बँकेतून व्हीआरएस घेतलीस ती आराम करायला की समितीशी भांडायला. भांडायला.

८ नोव्हें., रविवार
वैशाली सकाळीच हजर, सोबत वऱ्हाडी ठेच्याची बाटली. मूळची यवतमाळची, राहते वारज्याला, नोकरी हिंजवडीत. आठवडाभर कंपनीचं काम करून रविवारी आमच्या जुन्या लोखंडाचे फोटो काढणाऱ्या बाईला काय म्हणावं? सगळं काम तिनेच केलं. ठशाला हलकी शाई लावायची, वरून फोटो, मग पुसून परत खणात. छापायचं यंत्र संग्रहात आहे की, पण त्याला दोर बांधलाय आणि वर दा. सरांची पाटी: ‘हात लावण्यापूर्वी विचारू नये. उत्तर नाही असेच आहे.’
आजची बातमी: बुधवार पेठेतल्या एका दुकानदाराने अण्णांच्या कोयरीची किनार लॅपटॉपच्या बॅगांवर छापली. कॉलेजातल्या दोघी मोराच्या ठशाचे कानातले करतायत. एकीने मेलवर विचारलं, मोराला निळा रंग दिला तर चालेल का? अगं, जांभळा दे!
मी आज फारच खूश आहे. दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या.

१२ नोव्हें., गुरुवार
दा. सरांना बॅग दाखवली. आत-बाहेर तपासली. "शिवण कच्ची आहे." बस्स. पण खाली ठेवली नाही बराच वेळ.

१५ नोव्हें., रविवार
अगाई गं. काय करून बसलो आम्ही.
दुपारी जेवताना संग्रहाचा मोबाइल वाजला. पलीकडे कडक आवाज. "तुमचाच का त्यो ठशांचा संग्रह? मी वारज्यावरनं बोलतोय. पुतणीच्या पत्रिकेवर तुमचा गणपती छापलाय. त्यो उजव्या सोंडेचा हाय! भटजी म्हणत्यात, ह्याचं सोवळं कोण पाळनार? निम्म्या पत्रिका वाटून झाल्यात. नव्या छापून द्या, न्हाईतर मी येतो तिकडं."
मी म्हटलं, अहो आपला काहीतरी गैरसमज होतोय, माझ्या वडिलांनी आयुष्यात उजव्या सोंडेचा गणपती केला नाही. पत्रिकेचा गणपती कायम डाव्या सोंडेचा. फोन ठेवला आणि तोऱ्यात साइट उघडली.
उजवी सोंड.
ठसा उलटा असतो! छापला की सुलटा होतो. आम्ही छापलंच नाही, ठशाचाच फोटो काढला. वै.ला फोन केला तर ती रडायच्या बेतात. "मॅडम, ज्याच्यावर अक्षरं होती ते सारे उलटे दिसले, ते मी फिरवले ना. गणपतीवर अक्षरंच नोयती, तर मले काहून कळन बापा?"
तिला कशाला कळेल? तपासणी माझी होती. एकेक चित्र बघून मी स्वतः ‘बरोबर’ लिहिलंय. आणि मला ते बरोबरच दिसत होतं. अण्णांच्या टेबलाखाली बसून मी ठशावरची उलटी अक्षरं आधी वाचायला शिकले, पाटीवरची नंतर. माझ्या डोळ्यांना उलटा ठसा म्हणजेच सुलटा. आख्ख्या पुण्यात ही चूक करू शकणारी एकच बाई होती, तिलाच तपासायला बसवलं.
ह्यांना सांगितलं. हे इतके हसले की ठसका लागला. पाणी दिलं नाही.

१७ नोव्हें., मंगळवार
दा. सरांना सांगावं लागलंच. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "तरी मी म्हणत होतो." मग, "त्यांना नव्या पत्रिका छापून द्या, माफी मागा, आणि साइट बंद करा. लोकांच्या घरातल्या मंगलकार्याशी खेळ नको."
हे शेवटचं लागलं मला. कारण खरंच आहे ना. कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाला अपशकुन म्हणून अण्णांचं नाव निघणार. आणि मतदानात हेच पुढे येणार. मतदानापर्यंत तरी थांबा, एवढं कसंबसं कबूल करून घेतलं.

२१ नोव्हें., शनिवार
सकाळपासून मी आणि वै. संग्रहात बसून सगळी बिनअक्षरांची चित्रं फिरवतोय. नवरीचा पदर उजव्या खांद्यावर. पूजेला बसलेला माणूस डाव्या हाताने देवाला फूल वाहतोय. एक बाई डाव्या हाताने कुंकू लावतेय. बघू तिथे डावखुरे! वै. हसायला लागली, मग मीही. हसून हसून पोट दुखलं. सुलटं चित्र टाकायचं, शेजारी ठशाचा फोटोही ठेवायचा आणि स्पष्ट लिहायचं, हा ठसा आहे, हा छापल्यावर उलटा दिसेल, असं ठरलं.
तेवढ्यात जिन्यात पैंजणांचा आवाज. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात पेढ्यांचा पुडा. मंगलताई, वारज्याच्या. नवरीची आई!
मी उठून हात जोडले, ताई, फार मोठी चूक झाली आमच्याकडून...
"बसा हो बाई. मी भांडाया न्हाई आले. त्यो गणपती तेवढा बदलून देऊ नका."
काय?
"फोन केला त्ये आमचं धाकलं दीर, नाना. त्यांस्नी पत्रिका बदलून पायजेल. का, ते सांगते. जमिनी गेल्या बिल्डरला, पैका आला, तवापास्नं घरात हळद म्हणजे नुसती दारू आन् मटण. थोरलीच्या हळदीला नानांनी पिऊन मांडवाचा खांब पाडला. पावनं उठून गेलं. पोर रातभर रडत व्हती. आता भटजी म्हणले, उजव्या सोंडेचा हाय, कडक दैवत, घरात सोवळं पायजे. मी म्हणलं, पाळू की! दारू बंद, मटान बंद. देवच आलाय म्हणल्यावर कोन बोलनार?"
वै. पेढा तोंडात धरून तशीच बसलेली.
"पोरीचं लगीन हाय, बाई. एवढी हळद नीट होऊ द्या."
मी म्हटलं, साइटवर चूक तशीच ठेवता येणार नाही, ती आत्ताच दुरुस्त केली. त्या म्हणाल्या, "करा की. नाना काय ते बघत न्हाईत. पत्रिका तेवढ्या छापून देऊ नका." एवढं मला जमण्यासारखं आहे. शब्द दिला. पेढे खव्याचे, घरच्या म्हशीचे.

२४ नोव्हें., मंगळवार
दा. सर: नव्या पत्रिकांचं काय झालं?
मी: बघतेय.
दा. सर: म्हणजे नाही.
माणूस कंटाळवाणा आहे, मठ्ठ नाही.

२९ नोव्हें., रविवार
समितीची सभा. विषय एकच. दा. सरांनी प्रास्ताविक सुरू केलं न केलं तोच नाना आत. पांढरे कपडे, गॉगल, गळ्यात साखळी. "छापून देनार हाय का न्हाई?"
दा. सर उठून उभे राहिले, अत्यंत अदबीने, "आपण बसावं. संस्था आपल्याला नव्या..." आणि मागून मंगलताई!
"भावजी, देव बदलून आणाया आलाय व्हय?"
नाना हळूच, "वैनी, चूक ह्यांचीच हाय की."
"चूक माणसाची असंल. देव काय चुकून येतो का?" आणि सरळ दा. सरांकडे वळल्या. "गुरुजी, तुमी शिकलेसवरलेले, वयानं वडील. दारात आलेला गणपती परत धाडत्यात का? तुमीच सांगा."
दा. सरांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. शेवटी म्हणाले, "परत पाठवणं... उचित नव्हे." नानांनी गॉगल लावला आणि जिना उतरले. मंगलताई सगळ्या समितीला लग्नाचं आमंत्रण देऊन गेल्या, अक्षता प्रत्येकाच्या हातावर. सात्त्विक पंगत आहे, एवढं जाता जाता दोनदा म्हणाल्या.
मग मतदान. मला वाटलं, आता जिंकलोच. कसलं काय! निम्मे खुलं ठेवा म्हणाले, निम्मे बंद करा. "आज गणपती निभावला, उद्या कुणी दारूच्या बाटलीवर छापेल तेव्हा?" प्रश्न बरोबर आहे. अण्णांनी स्वतः बिडीच्या बंडलाची लेबलं केली होती, हे सांगायला तोंड उघडलं आणि वै.ने टेबलाखालून पाय दाबला.
बरोबरी. निर्णायक मत अध्यक्षांचं. अध्यक्ष म्हणाले, विचार करतो. पंधरा तारखेला सांगतो.
घरी आल्यावर चिडचिड झाली, भांडी आपटली.

५ डिसें., शनिवार
काही नाही. कानातलेवाल्या मुली आल्या होत्या. मोर जांभळाच केलाय. मला एक जोड दिला, या वयात कुठे घालू? घातला.

१२ डिसें., शनिवार
मंगलताईंचा संध्याकाळी फोन. मागे नुसता बायकांचा गलका, गाणी. "बाई, हळद झाली. नाना पंगतीत वाढाया उभे हायेत. बासुंदी!" पलीकडे कुणीतरी ओरडलं आणि फोन कटला.
इतका आनंद बँकेत प्रमोशन मिळालं तेव्हा झाला नव्हता.

१३ डिसें., रविवार
वारज्याहून आत्ताच आलो. मी, हे, वै. आणि ध्यानीमनी नसताना दा. सर! कोट घालून, हातात आहेराचं पाकीट. "आमंत्रण होतं," एवढंच म्हणाले.
मांडवात शिरले आणि पाय थबकले. स्टेजच्या मागे भिंतभर अण्णांचा गणपती. केशरी, सोनेरी, झेंडूच्या माळांत. प्रेसमध्ये हा ठसा अण्णांच्या तळहातावर मावायचा. सोंड उजवीकडेच, कुणाला फिकीर नव्हती. बायका येऊन नमस्कार करत होत्या, पोरं समोर उभी राहून फोटो काढत होती.
मग खाली कोपऱ्यात बारीक अक्षरं दिसली. चष्मा नव्हता, जवळ जाऊन वाचलं. ‘चित्र : अण्णा लिमये, शनिवार पेठ.’ त्याखाली संग्रहाचं नाव.
मंगलताईंनीच वै.ला विचारलं होतं म्हणे, हा काढला कुणी? संग्रहाचं ठीक आहे, काढणाऱ्याचं नाव नको का?
पत्रिकांवर नवरानवरीची नावं, आजोबांची, मामांची, प्रेसचीसुद्धा असायची. ठसा करणाऱ्याचं नाव कधी कुणी छापलं नाही, अण्णांनीही मागितलं नाही. आणि आज वारज्याच्या मांडवात. मला रडूच कोसळलं. भर लग्नात. वरपक्षाला वाटलं मी नवरीची मावशी, एक बाई मला पाणी घेऊन आली.
दा. सर शेजारी येऊन उभे राहिले. बराच वेळ ते नाव वाचत होते. "जेवून घ्या, पंगत बसतेय," म्हणाले.
मंगळवारी साइटबद्दल काय सांगणार, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पंगतीत मात्र माझ्या शेजारीच बसले, आणि नाना आग्रह करकरून दोघांना जिलेबी वाढत होते.