भाऊबिजेची बाटली

१७ नोव्हेंबर, रविवार
सकाळी आम्ही दोघं वाइनरीत. यंदाची तिसरी खेप. निवृत्त झाल्यावर बाकीची जोडपी तीर्थयात्रा करतात, आम्ही वाइनऱ्या. नाशिकच्या दोन पाहून झाल्या, पण जीव रमला तो इथल्या फळांच्या वाइनमध्येच. रोह्याजवळच्या आमच्या वरशाहून गाडीने पाऊण तास. टेकडीखाली शेड, चार टाक्या, पुढे पडवीत टेबल. आज करवंदाची चाखली. आधी तुरट, मग जिभेच्या कडांना आंबट, आणि घोट उतरल्यावर पिकल्या करवंदांचा वास मागे राहतो. हे म्हणाले, "बरी आहे." म्हणजे फार आवडली. यांच्याकडे 'बरी'च्या वर विशेषण नाही. माझ्या स्वयंपाकाला गेली चौतीस वर्षं तेच.

मग मालकीणबाईंनी टाक्या दाखवल्या. वाइन गढूळ राहिली तर एक प्रकारची माती कालवतात, ती कण ओढून घेते आणि तळाशी बसते. मी लगेच फुशारकी मारली. म्हटलं, माझ्या भावाने हेच केलं. हमरापूरला त्याचा गणपतींचा कारखाना, शाडूला काय तोटा? जांभळाची वाइन शाडूने निवळली, अगदी लख्ख झाली, आणि भाऊबिजेला दोन बाटल्याच ओवाळणीत घातल्या.

वाटलं बाई हसतील. हसल्या नाहीत. "आमची माती खाण्याच्या कामासाठीच येते, तपासलेली. त्यांनी कुठली घातली तेवढं विचारून घ्या हं."

सहज म्हणाल्या. पण परतताना एक बाटली घ्यायची ती घेतली नाही, आणि का घेतली नाही ते यांनीही विचारलं नाही.

१८ नोव्हें., सोम.
दादाला फोन. सीझन संपलेला, त्यामुळे निवांत होता.
"शाडू म्हंजे शाडू, गो. त्यात कुठली नि काय?"
म्हटलं, नव्या गोणीतली ना? तर म्हणाला, गोणी गणपतीआधीच संपली. टपातली घातली.

टपातली म्हणजे परत आलेल्या गणपतींची. हल्ली बरेच लोक घरीच बादलीत विसर्जन करतात आणि ती माती दादाकडे आणून देतात. तो ती मोठ्या टपात भिजत ठेवतो, पुढच्या वर्षीच्या मूर्तींना. त्या टपाला कोणाचा पाय लागू देत नाही, वर फडकं बांधलेलं असतं. घरातल्या पिण्याच्या पाण्यालाही एवढी शिस्त नाही. त्यातलाच एक गोळा त्याने वाइनच्या कॅनमध्ये कालवला.

"आणि रंग, दादा? रंगवलेले गणपती ना ते?"
"देवाचीच माती ती. तिला काय होतंय?"

मग खोदून खोदून विचारलं. बाकी रंग आता नवे, पाण्यातले. पण पीतांबराला अजून बाबांच्या वेळची पिवळी पूड वापरतो, जुन्या डब्यातली. नव्या रंगाला ती झळाळी नाय म्हणे.

जुन्या झळाळत्या पिवळ्यात शिसं असायचं. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. आंबटात धातू उतरतो हे तर माझ्या आईलाही ठाऊक होतं, कल्हई उडालेल्या पितळीत ती आमटी ठेवायची नाही, कळकते म्हणून. आणि वाइन करायचं खूळ दादाच्या डोक्यात घातलं कोणी? मीच. जूनमध्ये दोन टोपल्या जांभळं घेऊन मीच गेले होते, कृती कागदावर लिहून. 'गढूळ राहिली तर माती' हे माझ्याच अक्षरात आहे.

१९ नोव्हें.
भाऊबीज ३ तारखेची. कोण किती प्यायलं ते आठवून काढलं. दादा अर्धा ग्लास, त्याला गोडसर काही आवडत नाही. वहिनीने नुसता वास घेतला. हे एक. आमच्या मुलाला, निखिलला, दुसऱ्या दिवशी डोलवीच्या प्लांटमध्ये फर्स्ट शिफ्ट, त्याने दोन घोट. मी दोन ग्लास. ऋतुजाने दोन. सगळ्यांत जास्त तिला आवडली. सूनबाईला आपलं काहीतरी आवडलं म्हणून मी केवढी हुरळले. दुसऱ्यांदा मीच ओतली. "घे गं, जांभूळ आहे, औषधच."

उरलेली पाव बाटली कपाटात वर ठेवली. चिठ्ठी लावली: पिऊ नये.
हे म्हणतात, एका संध्याकाळच्या पिण्याने कोणाला काही होत नसतं. असेलही.

२१ नोव्हें., गुरु.
दुपारी निखिलचा फोन. ऋ.ला दिवस गेलेत. सातवा आठवडा.
सगळं बरोबर बोलले. अभिनंदन, जप, जड उचलू देऊ नकोस. फोन ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरावर बोट ठेवून मागे मागे गेले. ३ तारखेला ते तिथे होतं.

हे आतून आले, "पेढे आणायचे का?" माझं तोंड बघितलं आणि पाण्याचा तांब्या आणला. आजी होणार हे मला कळलं त्या दिवशी मी ओट्याला टेकून फरशीवर बसले होते, हे कधी कोणाला सांगता येणार नाही.

२२ नोव्हें.
शिसं आईच्या रक्तातून बाळाकडे जातं. हे वाचायची गरज नव्हती, माहीत होतं. तरी सकाळपासून वाचतेय. मेंदू, वाढ, गर्भपात. पुढचं वाचवत नाही आणि मोबाइल खाली ठेववत नाही.

हे पाव बाटली टॉवेलात गुंडाळून एसटीने पनवेलला गेले. तिथे पाणी नि खाण्याचे जिन्नस तपासणारी खासगी लॅब आहे. पाच-सहा दिवस लागतील म्हणाले. काउंटरवरच्या मुलीने कुठल्या कंपनीची वाइन विचारलं. हे म्हणाले, घरची.

२४ नोव्हें., रवि.
पेणला निखिलकडे गेले, मोरावळा घेऊन. ऋ. सुकली आहे. सकाळपासून तीन उलट्या. असं सगळ्यांनाच होतं, मलाही निखिलच्या वेळी झालं होतं. पण प्रत्येक वेळी ती बाथरूमकडे धावली की मी दाराबाहेर जाऊन उभी राहत होते.

निखिल दूध आणायला खाली गेला तेव्हा जवळ आली. हळू आवाजात, "आई, भाऊबिजेला मी दोन ग्लास घेतले होते. तेव्हा माहीत नव्हतं. काही होईल का? निखिलला विचारायची भीती वाटते."

ती बिचारी वाइनबद्दल विचारत होती. मातीचं तिच्या स्वप्नातही नाही.

"काही होत नाही गं," मी म्हटलं.

तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं आणि रडली. सुटल्यासारखी रडली. मी पाठीवरून हात फिरवत राहिले.

एसटीत कंडक्टरने दोनदा विचारलं कुठे जायचं. दुसऱ्यांदा रोहा म्हटलं.

२५ नोव्हें.
का नाही सांगितलं? रिपोर्ट आलेला नाही. पहिले तीन महिने घाबरवू नये. निखिल कधीही दूध घेऊन वर आला असता. सगळं खरं. पण खरं कारण हे की तिने मला आई म्हणून विचारलं आणि मला तेवढा वेळ आई राहायचं होतं. बाटली ओतणारी सासू व्हायचं नव्हतं.

लोक काय म्हणतील तेही आहेच, उगाच मोठेपणा कशाला. म्हातारीला वाइनचे डोहाळे लागले आणि सुनेला भोगायला लावलं. आळीत हे वाक्य कोणाच्या तोंडून येईल ते नाव सुद्धा मला सांगता येईल.

२६ नोव्हें.
दादा आला. हातात नारळ आणि पिशवीत तो डबा. झाकण गंजलेलं, लेबल पार पुसलेलं, एक अक्षर वाचता येत नाही. आत तळाला पिवळं. सुंदर पिवळं आहे, ते खोटं नाही.

चहा घेतला नाही. पडवीत बसून राहिला. माणूस आठ दिवसांत उतरलाय. म्हणाला, त्या टपाला मी नमस्कार करून हात घातला होता. साध्या गोणीतली मिळाली असती शेजारच्या कारखान्यातून, पण म्हटलं भैनीला द्यायची तर चांगल्यातली चांगली माती घालावी.

 रागवायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही.

"मी घातली माती. मीच सांगतो पोरीला."
"नको. ओतली मी."
"मग दोघांनी जाऊ, गो."
नको म्हटलं. नारळ देवापुढे ठेवून गेला.

२८ नोव्हें., गुरु.
रिपोर्ट आला, यांच्या मोबाइलवर. शिसं आहे. पाण्यात चालतं त्याच्या कितीतरी पट. लॅबवाल्यांनी खाली लाल अक्षरांत लिहिलंय, पिण्यास अयोग्य.

आकडा तीनदा वाचला. दशांशचिन्ह चुकीच्या जागी पडलं असेल अशी आशा केली. मुलांच्या पेपरात हीच चूक मी लाल पेनाने किती वेळा दाखवली असेल.

हे फार कमी बोलतात. आज बोलले. "उद्या तू पेणला जा. मी येऊ का?" म्हटलं नको. "मग एकटी जा, पण जा."

२९ नोव्हें., शुक्र.
सांगितलं.

निखिल ड्यूटीवर होता. ती मेथी निवडत होती. मी समोर बसून सगळं सांगितलं, टप, पिवळा रंग, पनवेलची लॅब, आकडा. शाळेत धडा सांगावा तसं क्रमाने. नाहीतर मधेच थांबले असते. ती काड्या आणि पानं वेगळी करत राहिली. मग हात थांबला.

"रविवारी मी विचारलं, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"
"संशय होता."
"आई, माहीत होतं का?"
"हो."
"आणि तुम्ही म्हणालात काही होत नाही."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. उठली, मेथी फ्रिजमध्ये ठेवली. म्हणाली, निखिलला मी सांगेन, तुम्ही नका सांगू. डॉक्टरांकडे आम्ही दोघं जाऊ. दारापर्यंत सोडायला आली नाही. आजवर कधी असं झालं नव्हतं, मला लिफ्टमध्ये सोडून हात हलवायची.

३० नोव्हें., शनि.
निखिलचा फोन. आवाज कोरडा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकदाच घेतलंय, फार चढलं नसावं, पण अंदाजावर राहायचं नाही. ऋ.चं रक्त घेतलं. तपासायला मुंबईला जातं, रिपोर्ट सोमवारी दुपारपर्यंत. आकडा बघून पुढचं ठरवू.
पुढचं म्हणजे काय, विचारलं नाही. 
"तू असं कसं केलंस आई?" एवढंच म्हणाला, आणि प्लांटमधून बोलावलंय म्हणून फोन ठेवला.

आम्हीही दोघांनी रोह्यात रक्त दिलं. माझ्या रक्तात किती निघेल याचं मला काही वाटत नाही. सगळं माझ्याच रक्तात निघू दे.

१ डिसेंबर, रवि.
दिवस सरत नाही. यांनी दोन वेळा पेपर वाचला. मी कपाटातले आमचे वाइनचे ग्लास काढले, घासले, पुन्हा आत ठेवले. वाइनरीच्या बाईंचा मेसेज, जानेवारीत स्ट्रॉबेरीची तयार होतेय, याच. उत्तर दिलं नाही.

चारच्या सुमारास ऋतुजाचा फोन. निखिलचा नाही, तिचा. नाव बघून गॅस बंद केला, पडवीत जाऊन उचलला.  ती म्हणाली,
"आई, तुम्हाला एक सांगायचंय. डॉक्टरांना नाही सांगितलं, निखिललाही नाही."
म्हटलं सांग.
"दोन नव्हते. तीन होते. तुम्ही सगळे दारात रांगोळीपाशी फोटो काढत होतात, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन आधीची बाटली संपवली. तळाचं होतं. थोडं गढूळ होतं, गाळासकट. मला वाटलं जांभळाचाच गाळ."

दादाने बाटल्या दोन आणल्या होत्या. पहिली रिकामी झाली ती मी धुऊन ठेवली, तेव्हा तळाला काहीच नव्हतं. मला वाटलं होतं, किती छान निवळलीय.

"लाज वाटली म्हणून नाही बोलले," ती म्हणाली. "सासरी चोरून प्यायले म्हणून. आणि मी तुमच्यावर रागावले."

जिभेवर तेच जुनं 'काही होत नाही' आलं होतं. गिळलं. म्हटलं, उद्या सकाळी आधी डॉक्टरांना तिसऱ्याचं सांग. मी येते, हवी असेन तर.
"या," ती म्हणाली. आणि मग, "आई, खरं सांगा. तुम्हाला काय वाटतं?"
"मला फार भीती वाटते, ऋतुजा."
"मलाही."
पलीकडे ती रडत होती, इकडे मी. फोन कोणीच ठेवला नाही.