उत्रोलीचे खाचर ज्ञानूस, पण नोकरी सोडल्यास

मी सावळाराम बाजी शिळीमकर, वय वर्षे चौसष्ट, पूर्वी प्राथमिक शिक्षक, हल्ली पेन्शनवर, राहणार मार्गासनी, माझे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहितो. वैद्यांच्या मते मी शिमगा पाहणार नाही. डोके मात्र ठिकाणावर आहे. रागात लिहितो आहे हे खरे. राग आला म्हणजे अक्कल गेली, असे कोणी कोर्टात म्हणू नये.

कलम पहिले. उत्रोलीचे भाताचे खाचर धाकट्या भावाचा मुलगा ज्ञानू यास. अट एकच. माझ्यामागे महिन्याच्या आत त्याने डोंगरवस्तीच्या शाळेवरची मास्तरकी सोडावी. न सोडल्यास खाचर गावच्या भैरोबास जावे. देव निदान खोटी हजेरी मांडत नाही.

हा मास्तर झाला कसा, तेही लिहून ठेवतो. भावजय रतनबाई दारात येऊन बसली. "भावजी, पोराला ऊन सोसत न्हाई, चिखलात पाय सडत्यात. तुमच्यावानी सावलीतलं काम लावून द्या." मी शिफारस लिहिली. चूक माझी, झाकत नाही. मी तरी कुठे विद्येच्या ओढीने मास्तर झालो? औताचे बैल मला जुमानत नसत, म्हणून वडील म्हणाले, "ह्यो शेतीच्या कामाचा न्हाई, मास्तर करा ह्याला." पहिली चार वर्षे मी मुलांना पाढे म्हणायला लावून डुलक्या काढल्या. मग एका धनगराच्या मुलीने बापाचे पत्र आईला वाचून दाखवले आणि ती बाई माझ्या पाया पडायला आली. मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्या दिवसापासून मी शिकवू लागलो.

ज्ञानूला ती लाज वाटलीच नाही. तुळशीच्या लग्नानंतर एका सोमवारी मी शाळेत गेलो. आत एक पोर नाही, हा ओट्यावर घोरतोय, आणि हजेरीपटात तीस मुले हजर! मागची पाने चाळली. कोंडाबाईची ठकू आषाढात तापाने गेली. तिच्या मातीला मी होतो. ती कार्तिकापर्यंत रोज हजर!

विचारले तर म्हणतो, "काका, पट कमी झाला तर साळा बंद हुईल. मग म्या काय करू?"

अरे हरामखोरा, पोर मेली तरी तुझा पट भरलेला पाहिजे, होय रे? खाचर आत्ताच घे आणि नोकरी सोड, म्हणालो, तर दात काढून हसला. शाळा तपासणाऱ्या दिपोटीसाहेबांना कळवावे तर शाळाच उठेल, आणि वस्तीवरची पोरे कायमची मेंढरांमागे जातील. म्हणून ही अट. हजेरीपट मी काखेत मारून घरी आणला आहे.

कलम दुसरे. माझे राहते घर त्या शाळेवरच्या नव्या मास्तरास, व पुढे जो जो येईल त्यास, नोकरी असेपर्यंत विनाभाडे. पंचांनी आधी विचारावे, मास्तर का झालास? ज्ञानदानाची गोष्ट काढली तर वाटेला लावावे. पोटासाठी म्हणाला तर किल्ली द्यावी. मात्र पोर शाळेत आले नाही तर त्याने चढण चढून पोराच्या घरी जाऊन पाहावे, मगच पटावर काय ते लिहावे.

कलम तिसरे. पितळी घंगाळ रतनबाईस. मी जिवंत असताना तिने ते दोनदा मागितले आहे. छडी कोणास देत नाही, जाळावी.

साक्षीदार दोन. हैबती मरळ, राहणार पाली, यांनी सही केली. दुसरी कोंडाबाई, ठकूची आई, राहणार डोंगरवस्ती. तिला सर्व वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाली, "मास्तर, त्या पटात माझ्या ठकूफुडं काय लिवाया पायजे हुतं?"

मी सांगितले.

"मग ते आदी लिवा. मग अंगठा देते."

पट काढला. आषाढाच्या पानावर 'मयत' लिहिले, पुढच्या सगळ्या हजेऱ्या खोडल्या, खाली माझी सही केली. मग तिने अंगठा दिला.

सावळाराम बाजी शिळीमकर, सही दस्तुरखुद्द
साक्ष : हैबती मरळ
साक्ष : कोंडाबाई, निशाणी डाव्या हाताचा अंगठा
मुक्काम मार्गासनी, तारीख ११ डिसेंबर १९३८